आमिश गावं बघायला जायचंय? रविवार सोडून जा

मे-जून आला की न्यू जर्सीतल्या आपल्या निम्म्या घरांत भारतातून आईबाबा आलेले असतात आणि मग तोच प्रश्न, न्यूयॉर्क झालं, नायगरा झालं, वॉशिंग्टन झालं, आता न्यायचं कुठे. मग कोणीतरी म्हणतं पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला न्या, ते घोडागाडीवाले आमिश लोक बघायला, येताना हर्शीचं चॉकलेटपण होतं. आम्हीपण असंच ऐकून गेलो आणि गेलो कधी, तर रविवारी. दोन-सव्वादोन तास गाडी चालवून पोचलो तर बेकरी बंद, रजयांचं दुकान बंद, शेताच्या तोंडाशी भाजीची टपरी असते ती रिकामी, त्यावर पाटी, रविवारी विक्री नाही. मग एका शेतात पंचवीस-तीस घोडागाड्या ओळीने उभ्या दिसल्या, नवऱ्याने गाडी बाजूला घेतली, मी फोन काढून कुंपणापाशी गेले. तेवढ्यात बाबा मागून म्हणाले, "अगं, आपल्या घरी सत्यनारायण चाललाय आणि रस्त्यावरून कोणी फोटो काढतंय, चालेल का तुला?" गपचूप येऊन गाडीत बसले.

तेव्हापासून सहा-सात वेळा तरी जाणं झालंय, आईबाबांना घेऊन, सासूबाईंना घेऊन, एकदा ओहायोलापण. म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं, म्हणजे दर उन्हाळ्यात ग्रुपवर तेच तेच टाइप करायला नको.

आधी नाव. उच्चार आमिश, आ लावून. बाबांनी पहिल्यांदा ऐकल्यावर विचारलं होतं, मासे पकडायला गळाला लावतात ते का? ते आमिष वेगळं. हा एक ख्रिस्ती पंथ, आणि हे नाव याकोब आमान नावाच्या माणसावरून पडलं. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये काही लोक म्हणायला लागले की तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा कसला करता, माणसाने मोठं होऊन, समजून उमजून तो घ्यायला हवा. १५२५ ला झ्युरिकमध्ये याची सुरुवात झाली आणि त्यापायी लोकांना नदीत बुडवून मारलंय, जाळलंय. त्यांच्यातच पुढे १६९३ मध्ये भांडण झालं, पंथाने बाहेर काढलेल्या माणसाशी व्यवहार ठेवायचा की नाही यावरून, आमान म्हणाला अजिबात नाही, आणि जे त्याच्या मागे गेले ते आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात यायला लागले, कारण विल्यम पेनच्या त्या वसाहतीत कुणी कुठला धर्म पाळावा यावर जोरजबरदस्ती नव्हती. गंमत म्हणजे युरोपात आता आमिश एकही उरला नाही. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम पाच-सहा हजार होते ते २०२४ च्या अंदाजात चार लाखांच्या वर गेलेत, बत्तीस राज्यांत पसरलेत, साधारण वीस वर्षांत दुप्पट होतात. घरटी सहा-सात मुलं आणि त्यातली बहुतेक पंथातच राहतात, मग आकडा वाढणारच. त्यामुळे "आता संपत चाललेत हो बिचारे" असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

कुठे जायचं हे तुम्ही कुठे राहता त्यावर. न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, मेरीलँडवाल्यांना लँकेस्टर काउंटी, सगळ्यात जुनी टिकलेली वस्ती, १७६० च्या आसपासची, आणि आज तिथे चाळीस हजारांहून जास्त आमिश आहेत. कोलंबस, क्लीव्हलँडवाल्यांना ओहायोची होम्स काउंटी, तिथे बर्लिन, वॉलनट क्रीक, चार्म, माउंट होप अशी गावं, टेकड्या टेकड्यांचा भाग, आणि माझ्या मते लँकेस्टरपेक्षा दिसायला सुंदर पण रस्ते वळणावळणाचे, मागे बसणाऱ्याला गाडी लागत असेल तर गोळी घेऊन जा. शिकागोवाल्यांना इंडियानाचं शिपशेवाना, मे ते सप्टेंबर मंगळवार-बुधवार तिथे एवढा मोठा बाजार भरतो की आपला आठवडी बाजार त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. आणि फ्लोरिडात सारासोटाला पाइनक्राफ्ट म्हणून एक वस्ती आहे, तिथे थंडीत म्हातारे आमिश बस भरभरून सुट्टीवर येतात आणि घोडे नसल्यामुळे तीनचाकी सायकलींवर फिरतात, आजी टोपडं घालून सायकलवर, बघितलं की मस्त वाटतं.

पुढचं मी बरंचसं लँकेस्टरबद्दल लिहितेय कारण तेच मला नीट माहितीये. होम्सला काही बाबतीत वेगळं असतं, लँकेस्टरमध्ये बग्गीचं कापड राखाडी, ओहायो-इंडियानात काळं, लँकेस्टरवाल्यांना सायकल चालत नाही म्हणून ते मोठ्या चाकांच्या स्कूटरवर एक पाय ढकलत जातात, इंडियानात सायकली सर्रास. पेनसिल्व्हेनियातच आत मिफ्लिन काउंटीत एका खोऱ्यात तीन गट राहतात, एकाच्या बग्ग्या पांढऱ्या, एकाच्या पिवळ्या, एकाच्या काळ्या. म्हणजे "आमिशांचं असं असतं" हे वाक्य जपून बोलायचं, आपल्याकडे "महाराष्ट्रीयन जेवण" म्हटल्यावर कोकणी आणि वऱ्हाडी माणूस जसा एकमेकांकडे बघतो तसं होतं.

कधी जायचं

रविवार सोडून. खरं म्हणजे एवढं एकच वाचलं तरी चालेल. चर्चची इमारत नसते त्यांच्याकडे, एक आड एक रविवारी कुणाच्या तरी घरी किंवा खळ्यात जमतात, पाळीपाळीने. बाकं एका खास गाडीत भरून या घरून त्या घरी जातात, तीन तास प्रार्थना, जुन्या जर्मन भाषेतली गाणी अगदी संथ चालीत, वाद्य एकही नाही, मग ब्रेड, लोणचं, गोड पीनट बटर असं जेवण. पंचवीस-तीस घरांचा एक गट आणि तेवढाच, घरात मावेनासे झाले की गटाचे दोन गट करायचे. मधल्या रविवारी नातेवाईकांकडे जातात. तर रविवारी सगळं बंदच.

मंगळवार, शुक्रवार, शनिवार हे चांगले दिवस कारण लँकेस्टर शहरातलं सेंट्रल मार्केट याच तीन दिवशी उघडं असतं. शुक्रवारी इफ्राटाला ग्रीन ड्रॅगन म्हणून मोठा बाजार भरतो, भाजीपासून कोंबड्यांच्या लिलावापर्यंत सगळं. सोमवारी गेलात तर एक वेगळीच गोष्ट दिसते, कपडे. सोमवार धुण्याचा वार. घरापासून खळ्याच्या पार वरच्या टोकापर्यंत कप्पीवर दोरी ओढलेली असते आणि बाई ओट्यावर उभी राहून एकेक कपडा लावत दोरी पुढे सरकवत जाते, जांभळे सदरे एकीकडे, काळ्या विजारी एकीकडे, लहान मोठे उंचीप्रमाणे. माझी आई गाडीतून खाली न उतरता दहा मिनिटं तेच बघत होती, म्हणाली हिच्या घरी माणसं किती ते सगळं दोरीवर लिहिलंय.

नोव्हेंबरात मंगळवार-गुरुवार जरा सांभाळून, कारण लँकेस्टरला लग्नं तेव्हा असतात, सुगी संपल्यावर, आणि ठरलेल्या याच दोन वारी. तीनशे-चारशे माणूस जेवायला, आपल्यासारखंच, आणि जेवणात सेलरी हवीच, शिजवलेली पण आणि टेबलावर बरणीत फुलांसारखी उभी करून ठेवलेली पण. कुणाच्या वाफ्यात यंदा सेलरी जास्त दिसली की शेजारी ओळखतात, घरात मुलीचं लग्न आहे. त्या दिवशी छोटी दुकानं "कुटुंबात लग्न" अशी चिठ्ठी लावून बंद असू शकतात. ईस्टरनंतरचा सोमवार, असेन्शनचा गुरुवार (ईस्टरनंतर साधारण चाळीस दिवसांनी येणारा सण) आणि २६ डिसेंबर या दिवशीपण बंद, हे मी एकदा २६ डिसेंबरला जाऊन शिकले. हो, दुसऱ्यांदा तीच चूक.

फेब्रुवारी-मार्चपासून पुढे गावोगावच्या अग्निशमन दलासाठी लिलाव होतात, त्यांना मड सेल म्हणतात कारण बर्फ वितळून सगळा चिखल झालेला असतो. रजया, घोडे, नांगर, बग्ग्या, लाकडी सामान, सगळं एकाच मैदानात, चार-पाच ठिकाणी एकाच वेळी लिलाव पुकारणारे ओरडत असतात. गमबूट घालून जा आणि गर्दीत हात वर करून कोणाला बोलवू नका.

रस्ता आणि गाडी

एडिसनकडून निघालात तर पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर मॉर्गनटाउनची एक्झिट घ्या आणि रूट २३ ने न्यू हॉलंडकडे या. जीपीएस बऱ्याचदा रूट ३० ने नेतो, तिथे आउटलेट मॉल, मिनी गोल्फ, मोटेल, आणि आमिश फक्त पाट्यांवर. लोक तिथूनच परत जातात आणि म्हणतात काही नाही हो तिथे. रूट ३४० वर या, बर्ड-इन-हँड, मग इंटरकोर्स. हो, गावाचं नाव तेच आहे, मागच्या सीटवरची मुलं हसतील, हसू द्या, १८१४ मध्ये ठेवलेलं नाव आहे आणि तेव्हा त्या शब्दाचा अर्थ येणंजाणं, लोकांचा संबंध असा होता. तिथून कुठल्याही बारक्या रस्त्याला वळायचं. जीपीएस बंद करा म्हणत नाही पण जरा चुका रस्ता, खरं बघण्यासारखं सगळं तिथेच आहे.

गाडी मात्र जपून. बग्गी ताशी तेरा-सोळा किलोमीटरने चालते आणि तुम्ही टेकडीच्या माथ्यावरून ऐंशीने खाली येताय, समोर अचानक बग्गीच्या मागचा नारिंगी त्रिकोण. त्या भागातले वाईट अपघात असेच होतात. हॉर्न अजिबात वाजवायचा नाही, आपल्याला सवय असते ना सौम्यपणे पिप करायची, तीपण नाही, घोडा बिथरतो. ओलांडताना भरपूर जागा सोडून, आणि ओलांडल्यावर लगेच समोर घुसायचं नाही. रात्री समोरून बग्गी आली तर डिपर. रस्त्यावर लीद असतेच, नुकतीच गाडी धुतली असेल तर मनाची तयारी ठेवा. बग्गीचे घोडे दिसायला एवढे रुबाबदार का, तर बरेचसे शर्यतीतून निवृत्त झालेले असतात, रेसकोर्सवर रिटायर होऊन इथे संसाराला लागलेले.

आमिश घर ओळखायचं कसं? मी बाबांना एक खूण सांगितली होती, रस्त्यावरच्या खांबावरून घरात वायर गेलीये का बघा. नसेल तर बहुतेक आमिश. लँकेस्टरला खिडक्यांना हिरवे साधे पडदे, बाहेर कपड्यांची दोरी, आणि एका घराला दुसरं, त्याला तिसरं असं जोडत गेलेलं घर. ते जोडघर आजी-आजोबांचं. मुलगा संसाराला लागला की मोठं घर आणि शेती त्याला देऊन म्हातारा-म्हातारी बाजूच्या छोट्या घरात जातात, दार वेगळं, चूल वेगळी, अंगण एकच. हे ऐकल्यावर आमच्या गाडीत बराच वेळ कोणी काही बोललं नाही, आईबाबांची परतीची तिकिटं पुढच्या आठवड्यातली होती.

पुरुषाची दाढी असेल तर लग्न झालेलं, मिशी कधीच नाही, कारण त्या काळच्या युरोपात मिशा सैनिक ठेवायचे आणि यांना युद्ध वर्ज्य. मात्र टोपडं आणि लांब झगा दिसला की आमिशच असं समजू नका, त्या भागात मेनोनाइटपण खूप आहेत, त्यांचेच चुलत म्हणा, त्यातले काही बग्गी हाकतात, काही गाडी चालवतात. फुलाफुलांचं कापड दिसलं तर बहुतेक मेनोनाइट, आमिश बायका एकरंगी घालतात.

वीज नाही पण फ्रीज आहे, हे काय?

यावर सगळेच अडकतात आणि बरेच जण "ढोंगी आहेत" म्हणून मोकळे होतात. मीपण म्हणाले होते. इंटरकोर्सजवळ एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये गेलो, छतावरच्या खिडकीतून येणारा उजेड, गॅसचा दिवा, आणि आत सँडर, ड्रिल, करवत सगळं जोरात चालू. वायर कुठेच नाही. नीट बघितलं तर प्रत्येक यंत्राला रबरी नळी लावलेली, मागे शेडमध्ये डिझेल इंजिन कॉम्प्रेसर चालवत होतं आणि सगळी हत्यारं हवेच्या दाबावर. स्वयंपाकघरातला मिक्सरपण तसाच करून घेतात काही ठिकाणी. फ्रीज प्रोपेन गॅसवर. दूध थंड ठेवायची टाकी डिझेलवर, कारण डेअरीचा टँकर त्याशिवाय दूध उचलत नाही, आपल्या दूध संघासारखंच.

मग वायरनेच काय घोडं मारलंय? त्यांचं म्हणणं साधारण असं की वस्तू वाईट नसते, ती घरात आल्यावर मागून काय येतं ते बघायचं. १९२० च्या सुमारास लँकेस्टरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की तारेची वीज नको, कारण तार आली की सगळं जगच घरात येतं, आणि पुढे रेडिओ, टीव्ही आला तेव्हा त्यांना आपण केलं ते बरंच केलं असं वाटलं असणार. गाडीत बसायला हरकत नाही, भाड्याने ड्रायव्हर घेऊन दवाखान्यात, लग्नाला जातात, ट्रेननेही जातात, लँकेस्टरच्या स्टेशनवर तुम्हाला दिसतीलच. पण गाडी स्वतःची नको, कारण गाडी असली की माणूस लांब कामाला जातो, लांब राहायला जातो, आणि शेजारी काय चाललंय ते त्याला कळेनासं होतं. घोडा माणसाला दहा-पंधरा मैलांत बांधून ठेवतो. फोनचं तसंच, घरात नाही पण शेताच्या कडेला लाकडी खोपटं असतं, संडासाएवढं, त्यात फोन, दोन-तीन घरांत मिळून एक. फोन करायचा तर उठून तिथे जायचं. थंडीत चार डिग्रीला तिथे उभं राहून कोणी तासभर गप्पा मारणार आहे का.

हे नियम गटागणिक वेगळे असतात, लिहिलेलं पुस्तक वगैरे नसतं, वर्षातून दोनदा सगळे बसून हो-नाही करतात. कोण नेता होणार तेही चिठ्ठीने, ज्यांची नावं लोकांनी सुचवली तेवढी गाण्याची पुस्तकं टेबलावर ठेवतात, एकात चिठ्ठी, ज्याच्या हातात ते पुस्तक तो जन्मभर धर्मोपदेशक, पगार नाही, शेती सांभाळून. ज्याच्या हातात चिठ्ठी निघते तो रडतो म्हणतात, आणि आनंदाने नाही.

एक गोष्ट, फार भाबडंपण होऊ नका. पहिल्या भेटीनंतर माणूस घरी येऊन "आपणपण टीव्ही काढून टाकूया" मोडमध्ये जातो. शाळा आठवीपर्यंतच, एका खोलीत सगळे वर्ग, त्यावरून विस्कॉन्सिनमध्ये पालकांना पाच-पाच डॉलर दंड झाला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९७२ मध्ये कोर्टाने आमिशांच्या बाजूने निकाल दिला. पालकांना स्वातंत्र्य मिळालं हे खरं, पण एखाद्या मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर? तिने सोळा-सतरा वर्षांची असताना जग बघावं, मग ठरवावं अशी मुभा असते, पण बाप्तिस्मा घेऊन मग सोडलं तर घरचे तिच्या हातून जेवणाचं ताटसुद्धा घेणार नाहीत. वाळीत टाकणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. आणि रस्त्यावर कुत्र्याच्या पिल्लांच्या विक्रीचे बोर्ड दिसले की लगेच विरघळू नका, तो भाग त्या धंद्यासाठी बदनाम आहे, पिल्लाची आई कुठे आणि कशी ठेवलीय ते आधी दाखवा म्हणा.

फोटो, आणि बोलायचं काय

माणसांचे फोटो काढायचे नाहीत. बायबलमध्ये मूर्ती-प्रतिमा करू नका अशी आज्ञा आहे आणि मिरवणंही नको, म्हणून पोझ देऊन फोटो त्यांना चालत नाही. त्यांच्या मुलींच्या बाहुल्यांनाही पुष्कळदा नाक-डोळे नसतात. शेताचा, खळ्याचा, लांब जाणाऱ्या बग्गीचा काढलात तर कोणी काही म्हणत नाही. शाळा सुटल्यावर पोरं अनवाणी रस्त्याने जात असतात, डोक्यावर गवती टोपी, एवढी गोड दिसतात की हात फोनकडे जातोच, तो आवरा. शाळेच्या आवारात तर जाऊच नका. २ ऑक्टोबर २००६ ला निकल माइन्स गावात एका बाहेरच्या माणसाने शाळेत शिरून दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच गेल्या. त्याच दिवशी आमिश शेजारी त्या माणसाच्या बायकोकडे सांत्वनाला गेले. ती शाळा पाडून टाकली, आता नुसतं गवत आहे, आणि लोक अजून ती जागा शोधत येतात. येऊ नका.

बोलायला मात्र लाजू नका. दुकानात, टपरीवर, बाजारात छान बोलतात, इंग्रजी सगळ्यांना येतं, घरात पेनसिल्व्हेनिया डच बोलतात, जी डच नाही, एक प्रकारची जर्मन आहे. बाहेरच्या सगळ्यांना ते "इंग्लिश" म्हणतात, त्या हिशेबाने निपाणीकडचे माझे बाबापण इंग्लिश, हे त्यांना इतकं आवडलं की अजून फोनवर सांगतात. धर्मावरून उलटतपासणी घेऊ नका, "तुम्हाला कंटाळा येत नाही का" हा प्रश्न तर नकोच. शेतीचं विचारा. बाबांनी एका शेडच्या उभ्या फळ्या उघड्या दिसल्या तर आत वाकून बघितलं, वरपासून खालपर्यंत तंबाखू टांगलेली. बाजूला पासष्टीचा एक आमिश माणूस जू ठीक करत होता. बाबांचं इंग्रजी तोडकं, त्याचं हळू, पण अर्धा तास दोघं बोलत होते, आमच्याकडे उन्हात वाळवतात, तुम्ही सावलीत का, पान कधी तोडता, पाला काळा पडला तर काय करता. नांगराला सहा खेचरं बघून बाबा हैराण, म्हणाले बैल का नाही? तो म्हणाला, बैल हळू चालतो. बाबांना ते लागलं.

खरेदी आणि खाणं

शेताच्या तोंडाशी टपऱ्या असतात तिथेच घ्या, मोठ्या दुकानातून नको. टोमॅटो, मका, भोपळे, घरचा जॅम, रूट बिअर (दारू नव्हे, मुळांचं सोडा-सरबत). बऱ्याच ठिकाणी माणूसच नसतो, पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, किंमत बघून पैसे टाका आणि सुटे आपले आपण घ्या. रोख पैसे न्या, पाच-दहाच्या नोटा. एकदा एका टपरीवर सात-आठ वर्षांची मुलगी होती, गंभीर चेहरा, काट्यावर टोमॅटो मोजले, कागदावर पेन्सिलीने गुणाकार मांडला, हातचा वर लिहिला, आणि माझ्या मुलाला, जो सहावीत आहे आणि फोन काढून कॅल्क्युलेटर उघडत होता, उत्तर आधी सांगितलं.

रजई हातची हवी असेल तर महिनोन्‌महिन्यांचं काम असतं, हजार डॉलर सहज, घासाघीस करू नका. परवडत नसेल तर उशीचा अभ्रा किंवा पातेलं धरायचं कापड घ्या. फर्निचर सुरेख आणि भक्कम, पण ऑर्डर देऊन महिने थांबायचं. बग्गीची राइड हवी असेल तर बर्ड-इन-हँडच्या आसपास मिळते, हाकणारा आमिशच असेल असं नाही, आधी विचारा. आणि घराच्या आतली मांडणी बघायची तर रूट ३० वर १९५५ पासून चालू असलेलं आमिश फार्म अँड हाउस आहे, तिकीट काढून फिरवतात, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी तेच करा म्हणजे उगीच कुणाच्या खिडकीत डोकवावं लागत नाही.

आता शाकाहारी मंडळींसाठी, नीट वाचा. "भाजी" म्हणून जे येतं त्यावर जाऊ नका, फरसबीत हॅमचे तुकडे, बीन्समध्ये बेकन, नूडल्स कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेल्या. पाय (pie) म्हणून सारण भरून भाजलेला गोड पदार्थ असतो, त्याच्या पारीत डुकराची चरबी असू शकते, सगळीकडे नाही पण विचारा, "लार्ड की बटर?" एवढंच विचारायचं, ते सरळ सांगतात. सासूबाई माळकरी, त्यांचं आम्ही असं केलं, मॅश्ड पोटॅटो ग्रेव्हीशिवाय, ब्रेड, सफरचंदाचं बटर (त्यात बटर नसतंच, आटवलेला मुरंबा तो) आणि चाउ-चाउ, म्हणजे मिक्स भाज्यांचं आंबटगोड लोणचं. चाउ-चाउ खाऊन म्हणाल्या, मोहरीची फोडणी दिली असती तर बरं झालं असतं. सोबत दशम्या होत्याच.

शूफ्लाय पाय मात्र चुकवू नका, पारीचं विचारून. नाव माशी हाकलण्यावरून पडलंय म्हणतात, आत मोलॅसेस, म्हणजे आपली काकवीच की. वर पिठाचा चुरा, मध्ये केकसारखं, तळाला ओलं. ओल्या तळाचा आणि कोरडा असे दोन प्रकार, ओल्याचा घ्या. आम्ही पहिल्यांदा डबा उघडला आणि गाडीत गुऱ्हाळाचा वास पसरला, बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले जानेवारी.

परत निघताना अंधार व्हायच्या आत मुख्य रस्त्याला लागा, त्या बारक्या रस्त्यांवर दिवे नाहीत आणि बग्गीच्या मागचा लाल दिवा लांबून सायकलएवढाच दिसतो. कणसं घेतली असतील तर त्याच रात्री उकडा. शूफ्लाय पायचा डबा मांडीवर धरून बसायचं काम ज्याला देणार त्याला आधी खायला घाला, नाहीतर मॉर्गनटाउनपर्यंत अर्धा उरतो.